लासलगाव ते वाशी : इंजिनावरचा मळ काय सांगतो?

दसरा चार दिवसांवर आला, की मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला एक वेगळीच गडबड सुरू होते. पाऊस ओसरलेला असतो, शेतातला चिखल वाळू लागलेला असतो आणि रस्त्याकडेच्या धुण्याच्या रॅम्पांवर ट्रक, टेंपो, पिकअप यांच्या रांगा लागतात. पोळ्याला बैल नदीवर नेऊन घासूनपुसून न्हाऊ घालावेत, तशाच मायेने गाड्यांना आंघोळ घातली जाते. चाके धुतली जातात, हौद्यातला कचरा निघतो, काचा लख्ख होतात. शेवटी कोणीतरी म्हणतो, "आता इंजिनावरही मार पाणी. उद्या पूजा करायची आहे!"

वाचकहो, येथेच थोडे थांबायला हवे. बैलाच्या अंगावर कितीही पाणी टाकले तरी तो अंग झटकून मोकळा होतो. इंजिनाला अंग झटकता येत नाही. त्याच्या अंगात शिरलेले पाणी दोन दिवसांनी, दोन महिन्यांनी कुठे डोके वर काढील याचा नेम नसतो.

आपल्या खेड्यापाड्यांत आता ट्रक किंवा टेंपो असलेली शेतकरी कुटुंबे पुष्कळ झाली आहेत. बहुतेकांची गाडी हप्त्यावर असते. अशी गाडी ऐन बाजाराच्या पहाटे "सेल्फ" मारून मारून सुरू झाली नाही, तर नुकसान केवळ मिस्त्रीच्या मजुरीचे होत नाही. हौद्यात भरलेला माल तसाच राहतो, लिलावाची वेळ टळते आणि हप्त्याची तारीख मात्र टळत नाही. म्हणून डिझेल गाडीचे इंजिन धुवावे का, आणि धुवायचे तर कसे, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

याबाबत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, इंजिन आरशासारखे चकचकीत हवे. दुसरा म्हणतो, इंजिनाला पाण्याचा थेंबही लावू नका. दोन्ही अर्धे खरे आहेत. उरलेले अर्धे समजून घ्यायचे असेल, तर चला, कांद्याच्या एका ट्रकाबरोबर लासलगावहून वाशीपर्यंत जाऊन येऊ. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरच्या या वाटेवर जितक्या तऱ्हेची माती आणि हवा भेटते, तितक्या तऱ्हेचा मळ इंजिनावर बसतो. आणि तो मळ वाचता आला, तर अर्धे काम झालेच.

लासलगाव : कांद्याचे पापुद्रे

लासलगावची बाजार समिती ही आशियातील मोठ्या कांदा बाजारांपैकी एक म्हणून ओळखली जाते. हंगामात येथे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग पाहावी. लिलाव, हमालांची हाक, गोण्यांची शिवण, आणि या सगळ्यावर उडणारे कांद्याचे तांबूस पापुद्रे! वाऱ्याची झुळूक आली, की ते फुलपाखरांसारखे उडतात. दिसायला मोठे मौजेचे वाटते. पण ट्रकचा पंखा हवा आत ओढत असतो आणि त्या हवेबरोबर पापुद्रेही जाऊन रेडिएटरच्या जाळीला चिकटतात. त्यांवर धूळ बसते, धुळीवर तेलाचा वास असलेली ओल बसते, आणि हळूहळू जाळीवर गोधडी पांघरल्यासारखा थर तयार होतो. मग घाटात गाडी तापू लागली, की आपण पाणी बदलतो, पंखा पाहतो. पण जाळी पाहत नाही.

दुसरा धोका आगीचा. टर्बो आणि सायलेन्सरकडे जाणारा मॅनिफोल्ड हे भाग भाराखाली कित्येकशे अंशांपर्यंत तापतात. त्यांच्याजवळ तेलाने ओला झालेला मळ आणि त्यात अडकलेले कागदासारखे पापुद्रे, हे शेगडीजवळ रॉकेलचा बोळा ठेवण्यासारखेच आहे. गवताचा कडबा, कापसाचे तंतू, भाताचा तूस वाहणाऱ्या गाड्यांनाही हेच लागू. तेव्हा "इंजिन धुवूच नये" म्हणणाऱ्यांना पहिले उत्तर लासलगावातच मिळते. तेल आणि कचरा एकत्र साठू देणे हे धुण्यापेक्षाही वाईट.

पण पापुद्रे काढायला पाणी लागत नाही. सुका कचरा सुकाच काढावा, हा पहिला नियम. घरातला जुना रंगाचा ब्रश आणि टायरवाल्याकडची हवा एवढ्यावर काम भागते. रेडिएटरच्या जाळीला हवा नेहमी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारावी, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जातो. पुढून मारली तर तो आणखी आत रुततो. आधीच पाणी मारले, तर पापुद्रे आणि धूळ यांचा लगदा होतो आणि वाळल्यावर तो भिंतीच्या गिलाव्यासारखा घट्ट बसतो.

आडगाव : मिस्त्रींची शाळा

पिंपळगाव बसवंतला हमरस्ता लागतो. ओझर मागे टाकून गाडी नाशिकच्या वेशीवर आडगावला येते. तेथील ट्रक टर्मिनलच्या परिसरात मिस्त्री, वायरमन, टायरवाले यांची वस्तीच आहे. अशा ठिकाणी तासभर बसले, तर पुस्तकात न मिळणारे ज्ञान फुकट मिळते.

एक तरुण मालक आपली गाडी घेऊन एका वयस्क मिस्त्रींकडे आला होता. तेल कमी होते ही तक्रार. इंजिन मात्र नुकतेच धुऊन आणलेले, अगदी चकचकीत.

मिस्त्री म्हणाले, "भाऊ, गाडी दाखवायला आणली की लग्नाला?"

"का हो चाचा? स्वच्छ करून आणली, तुमचे हात खराब होऊ नयेत म्हणून."

"हात धुता येतात रे बाबा. पण तेल कुठून येतं ते सांगणारा माणूसच तू धुऊन टाकलास. आता दोन दिवस गाडी चालव आणि मग आण."

केवढी मोलाची गोष्ट! वैद्य नाडी पाहण्याआधी जीभ पाहतो. मिस्त्री पाना उचलण्याआधी मळ पाहतो. म्हणून धुण्याच्या आधी पाच मिनिटे बॅटरी घेऊन इंजिन नीट न्याहाळा. काय पाहायचे ते असे :

काळा, चिकट ओलेपणा म्हणजे इंजिन ऑइल. तो बहुधा टॅपेट कव्हरच्या पॅकिंगपासून किंवा फिल्टरच्या बुडापासून निघतो. डिझेल गळत असेल, तर वासावरून कळतेच, शिवाय डिझेल मळ धुऊन नेते. म्हणून काळ्या इंजिनावर एखादीच स्वच्छ, ओलसर रेघ दिसली तर तिच्या वरच्या टोकाला गळती शोधावी. हिरवा, गुलाबी किंवा निळसर, गोडूस वासाचा डाग म्हणजे रेडिएटरचे कूलंट. ज्या जागी रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसतात, तेथे ब्रेक किंवा क्लचचे तेल सांडले असण्याचा संभव आहे, आणि ही गोष्ट एक दिवसही अंगावर काढू नये.

गळतीचे मूळ शोधण्याची एक जुनी युक्ती आहे. पंख्याचा वारा तेल मागे उडवतो आणि वजनाने ते खाली ओघळते. म्हणून जेथे जास्त ओले दिसते तेथे मूळ नसते. सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला ठिपका शोधा. बहुतेक वेळा चोर तेथेच सापडतो. मात्र इंजिन चालू असताना डिझेलच्या नळ्यांवर बोट फिरवून गळती शोधू नका. आजच्या इंजिनांत नळ्यांतील दाब इतका प्रचंड असतो, की सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते. पण ती दवाखान्यात ताबडतोब दाखवण्याची जखम असते.

याच आडगावी जुन्या आणि नव्या गाडीतला फरकही पाहून घ्यावा. जुन्या ट्रकच्या इंजिनात विजेचे काम थोडे. सेल्फ, डायनामो किंवा अल्टरनेटर आणि चार वायरी. ही इंजिने पुष्कळ पाणी सोसत. पण १ एप्रिल २०१७ पासून देशभर बी.एस. ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ ची बंधने आली. धूर कमी व्हावा म्हणून डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे आता एक छोटी विजेची पेटी ठरवते. तिला खबर देणारे सेन्सर इंजिनावर जागोजागी बसवलेले असतात आणि त्यांच्या वायरींचे जोड प्लॅस्टिकच्या चिमुकल्या डब्यांत असतात. या जोडांत पाण्याचा एक थेंब शिरला, की खबर चुकते. खबर चुकली की गाडी ओढत नाही, दिवा पेटतो आणि मालक हवालदिल होतो. पाणी त्याच दिवशी त्रास देईलच असेही नाही. आतल्या तांब्याला हिरवा गंज चढायला वेळ लागतो.

बी.एस. ६ च्या बहुतेक मोठ्या ट्रकांत डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची आणखी एक लहान टाकी असते. तिच्यातले पाणी म्हणजे शुद्ध पाण्यातले ३२.५ टक्के युरियाचे द्रावण. शेतकरी बंधूंना युरिया नवा नाही. पण खताच्या गोणीतला युरिया येथे चालत नाही, हे ध्यानात ठेवा. या नळ्यांच्या जोडांजवळ पांढरी साखरेसारखी कणी जमलेली दिसली, तर ती धूळ नव्हे, गळती आहे. ती कोमट पाण्याच्या फडक्याने पुसता येते. पण आधी मिस्त्रीला दाखवावी.

घोटी : धुण्याची रीत

नाशिक सोडले, की हवा बदलू लागते. घोटी परिसर हा भाताचा मुलूख. पावसाळ्यात येथे तांबड्या चिखलाचे शिंतोडे, आणि भाताच्या गिरण्या चालू झाल्या की हवेत तूस. इंजिनावर हा चिखल आणि तेल एकत्र बसले, की ब्रश आणि हवा पुरे पडत नाही. तेव्हा धुणे आलेच. तर मग रीत नीट ऐका.

गाडी रिकामी असावी. माल भरलेली गाडी धुवायला कधीही उभी करू नये. भिजलेल्या कांद्याच्या गोणीचे काय होते ते तुम्हाला सांगायला नको. वेळ सकाळची धरावी, म्हणजे वाळायला दिवसभराचे ऊन मिळते. संध्याकाळी धुऊन रात्रभर ओली उभी केलेली गाडी पहाटे रुसली, तर दोष गाडीचा नव्हे. जागा सपाट हवी, हातब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले हवेत. केबिन पुढे झुकवायची असेल, तर आतल्या बाटल्या, डबे, हत्यारे आधी बाहेर काढा. नाहीतर काच फुटते. झुकवल्यावर तिची अडण बसली आहे की नाही हे पाहिल्याशिवाय डोके खाली घालू नका.

इंजिन थंड हवे. थंड म्हणजे किती? इंजिनाच्या अंगावर तळहात ठेवून निवांत वीसपर्यंत मोजता आले पाहिजे. आमच्या भगिनींना हे समजावून सांगायला नको. चुलीवरून उतरवलेल्या लाल खापरावर गार पाणी टाकले तर काय होते, हे त्या जाणतात. बिडाचे मॅनिफोल्ड आणि टर्बो यांची गत तीच.

मग बॅटरीची पाळी. आधी वजा, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडावी; जोडताना ती शेवटी जोडावी. बी.एस. ६ गाडीत किल्ली बंद केल्यावर युरियाच्या नळ्या रिकाम्या व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ थांबूनच बॅटरी तोडावी. किती थांबायचे ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर इंजिन धुण्याबद्दल पुस्तिकेत काय म्हटले आहे तेही वाचून घ्या.

आता झाकाझाक. एअर क्लीनरचे तोंड, अल्टरनेटर, सेल्फ, फ्यूजची पेटी, ती विजेची पेटी आणि वायरींचे मोठे जोड यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्या. ऑइलचे झाकण, ऑइलपट्टी, स्टेअरिंगच्या आणि ब्रेकच्या तेलाच्या डब्या घट्ट बसल्या आहेत ना ते पाहावे. हवेच्या वाटेने पाणी आत जाणे हा सर्वांत मोठा घात. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये पाणी सापडले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग खर्च साबणाचा राहत नाही, इंजिनाचा होतो. पिशव्या किती बांधल्या त्या मोजून ठेवा. पाच बांधल्या तर पाचच सुटल्या पाहिजेत. एखादी विसरली, तर पट्ट्यात गुंडाळते किंवा इंजिनाचा श्वास कोंडते.

चिकट मळावर गाड्यांसाठी मिळणारा पाण्यात मिसळणारा साबण, किंवा भांड्यांचा पातळ साबण पाण्यात कालवून, ब्रशाने लावावा. दहा मिनिटे मुरू द्यावा. पण वाळू देऊ नये. मग कोपऱ्याकोपऱ्यांतून ब्रश फिरवावा. काम ब्रशाने करायचे, पाण्याने केवळ निथळायचे, हे सूत्र विसरू नका. पाण्याची धार नळाएवढी सौम्य हवी. दाबाचा पंप चाकांना, हौद्याला आणि चेसीच्या चिखलाला ठीक. इंजिनावर आणि रेडिएटरच्या जाळीवर नको. त्या धारेने जाळीची पातळ पाती आडवी होतात आणि मग त्यांतून वाराच जात नाही. वायरींचे जोड असलेला भाग तर धुवायचाच नाही. तो ओल्या फडक्याने पुसायचा आणि लगेच कोरड्याने.

काय वापरू नये तेही सांगतो. पेट्रोल कदापि नको. रॉकेल किंवा डिझेल हवेच्या दाबाने फवारून धुण्याची चाल अजून कोठे कोठे दिसते. हा फवारा एका ठिणगीने पेटतो, रबरी नळ्या फुगवतो आणि मागे राहिलेल्या तेलकट थरावर धूळ दुप्पट वेगाने बसते. कॉस्टिक सोड्याने मळ निघतो खरा. पण ॲल्युमिनियमही खाल्ले जाते.

पाणी निथळल्यावर हवेने किंवा फडक्याने खाचाखोचा कोरड्या कराव्या, पिशव्या मोजून काढाव्या, तासदोन तास उन्हात उघडे ठेवावे. नंतर इंजिन सुरू करून पंधरा-वीस मिनिटे जागेवरच चालू द्यावे. एक दिवस गाडी चालवून पुन्हा बॅटरी घेऊन पाहावे. धुण्याचा खरा लाभ तो दुसऱ्या दिवशीच मिळतो. स्वच्छ इंजिनावर ताजा ओला ठिपका लपत नाही.

एवढी मेहनत वर्षातून किती वेळा? पाऊस संपल्यावर एकदा आणि उन्हाळी कांद्याची धावपळ संपल्यावर एकदा, एवढे साधारण पुरे. एरवी दर पंधरवड्याला हवा, ब्रश आणि फडके.

कसाऱ्याचा घाट : तापल्या अंगावर पाणी नको

इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. येथून पुढे थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाट टाळण्याची सोय झाली. तरी जुन्या घाटाने जाणारे आहेतच, आणि मुंबईहून भरून येणाऱ्या गाडीला हा चढ चांगलाच घाम फोडतो.

पावसाळ्यात या घाटाची शोभा काय वर्णावी! डोंगराच्या अंगाखांद्यावरून पांढरे ओहळ धावत असतात, ढग रस्त्यावर उतरतात, खाली दरीत हिरवाई दाटलेली. गाडी तापलेली, समोर गार पाणी खळखळत असलेले. अशा वेळी बादली भरून इंजिनावर ओतण्याचा मोह होतो. तो आवरा. जुन्या इंजिनांत डिझेलच्या पंपातील दांडी आणि तिची नळी यांच्यात केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी फट असते. बाहेरचे अंग गार पाण्याने एकदम आकसले आणि आतली दांडी गरमच राहिली, की पंप जागीच धरतो. घाटात बंद पडलेला भरला ट्रक म्हणजे काय, हे त्या वाटेने गेलेल्याला विचारा. गाडी तापली तर बाजूला घ्या, भार काढून इंजिन थोडा वेळ मंद चालू द्या, मग बंद करून निवू द्या. रेडिएटरचे झाकण तर गरम असता हात लावूच नये. उकळते पाणी तोंडावर येते.

पाणी कोठे जाते?

घाटमाथ्यावर उभे राहिले, की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. येथे पावसाचे पाणी दुभंगते. पूर्वेला पडलेला थेंब दारणेतून गोदावरीला जातो. पश्चिमेला पडलेला थेंब समुद्राकडे उतरतो.

आता इंजिनावरून निघालेले काळे पाणी याच वाटांनी जाते, याचा विचार आपण कितीदा करतो? नदीत, ओढ्यात किंवा कालव्यावर ट्रक उभा करून धुण्याची आपली जुनी सवय. निफाड तालुक्यातली कादवा घ्या, इकडची दारणा घ्या, सारे पाणी अखेर गोदावरीत मिळते. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. हिवाळ्यात तेथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणस्थळ म्हणून ते जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. त्याच बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्यांचे पाणी पुढे कोपरगावकडच्या शिवारांना मिळते. म्हणजे वर धुतलेले तेल खाली कोणा भावाच्याच वाफ्यात उतरायचे. घाटाखाली शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे. ते मुंबईला पाणी पाजते. इकडे टाकलेले तिकडच्या घागरीत.

तेलाचा तवंग पातळ असला तरी दूरवर पसरतो. पाण्याला हवा लागू देत नाही. गुरे त्या पाण्याला तोंड लावत नाहीत, आणि लावले तर ते बाधते. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने असे पाणी ओढ्या-नद्यांत सोडण्यास मनाई आहे. पण कायद्याआधी शेजारधर्म आहे. विहीर, शेततळे, नदी आणि कालवा यांच्या काठी इंजिन धुवायचे नाही, एवढे गावाने ठरवले तरी पुष्कळ झाले.

मग धुवायचे कोठे? रस्त्यावरच्या ज्या रॅम्पाला तीन कप्प्यांची टाकी आहे तो निवडा. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो. दुसऱ्यात तेल वर तरंगते आणि पाणी बुडाजवळच्या नळीने तिसऱ्यात जाते. वरचे तेल वेगळे काढून घेता येते. गावात चार-सहा गाड्या असतील, तर मिळून अशी टाकी बांधणे अवघड नाही. घरीच पुसायचे झाले, तर इंजिनाखाली जुना पत्रा आणि त्यावर लाकडाचा भुसा पसरावा. गळणारे तेल तो शोषून घेतो. वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात साठवून परवानाधारक घेणाऱ्यालाच द्यावे. तेलकट बोळे चुलीत घालू नयेत. तो धूर घरातल्या लेकराबाळांच्या छातीत जातो.

वाशी : खारी हवा आणि परतीची वाट

भिवंडीला यंत्रमागांचे तंतू आणि गोदामांची धूळ अंगावर घेऊन गाडी ठाण्यावरून वाशीच्या बाजारात पोचते. हमाल गोण्या उतरवतात. १० टन कांदा, म्हणजे ५० किलोच्या २०० गोण्या, बघता बघता रिकाम्या होतात. येथे हवा खारी. न्हावा-शेवा बंदराकडे कांद्याचे कंटेनर नेणाऱ्या गाड्यांना तर ही हवा रोजचीच. खारट ओल बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी आणते, नटबोल्टांना गंज चढवते. हा मळ डोळ्यांना फारसा दिसत नाही, म्हणून अधिक लबाड. टर्मिनल कोरडे पुसून त्यावर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला, तर बराच काळ निर्धास्त राहता येते.

परतीला गाडी रिकामी असते. घरी आल्यावर रात्रभर निवते. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन असते, आणि घरातली चार माणसे हाताशी असतात. धुण्याला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. पोरांना ब्रश द्या, पिशव्या मोजायचे काम धाकट्याकडे द्या. ज्या मुलाने एकदा बॅटरीच्या उजेडात गळतीचा ठिपका शोधला, तो उद्या मिस्त्रीपुढे भांबावून उभा राहणार नाही.

तर वाचकहो, इंजिन धुवावे. पण चकाकीसाठी नव्हे, दिसण्यासाठी. म्हणजे इंजिन लोकांना दिसावे म्हणून नव्हे, त्याचे दुखणे आपल्याला दिसावे म्हणून. आधी मळ वाचा, मग सुका कचरा सुकाच काढा, थंड इंजिनावर थोडे पाणी वापरा, जोड कोरडे ठेवा आणि काळे पाणी कोणाच्या घागरीत जाऊ देऊ नका.

यंदा खंडेनवमीला इंजिन उघडाल, तेव्हा नळी हातात घेण्याआधी बॅटरी हातात घ्या. पूजेला कोरड्या फडक्याने पुसलेले इंजिनही चालते. हळदकुंकवाचे बोट टॅपेट कव्हरवर लावा, वायरींच्या जोडांवर नको. झेंडूचा हार पंख्यापासून दूर बांधा. आणि नारळाचे पाणी मात्र चाकाशीच सोडा!